नारिंगी टोपणाची सिरिंज, तीन हिरव्या खुणा आणि एक मेमो

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी घोडबंदर पट्ट्यातल्या एका ६० खाटांच्या हॉस्पिटलात वॉर्ड इन-चार्ज आहे. नाव विचारू नका, सांगणार नाही. नर्सिंगमध्ये १९ वर्षं झाली. इथे डॉक्टर, फार्मसीवाले, कॉम्प्युटरवाले सगळेच असतात, म्हणून विचारायचं धाडस करतेय.

आधी घडलं ते सांगते. पावसाळ्यातली रात्र. आमची नाइट ८ ला लागते आणि वॉर्डात रात्री दोघीच असतात. त्यातली एक मीरा रोडहून येते. तिची बस गायमुखच्या चढाला अडकली ती अडकलीच, फोनवर फक्त "सिस्टर, हलतच नाहीये." मी डे संपवून निघणार होते, ती थांबले. बावीस पेशंटची ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना द्यायची ती) उभ्याउभ्या दहा मिनिटांत उरकली. दुसरी मुलगी लातूरकडची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून जेमतेम सहा महिने झालेली, कामाला चोख.

पंधरा नंबरचे काका, वय ६२, मधुमेह, पायाची जखम साफ करून दुसरा दिवस. रात्री साडेनऊला ग्लार्जिन (सावकाश काम करणारं इन्सुलिन) २० युनिट. एरवी फार्मसीतून कार्ट्रिज येतं आणि पेनने देतो. त्या संध्याकाळी कार्ट्रिज संपलं होतं, म्हणून बाटली आली. आता जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी: आपल्याकडे इन्सुलिनच्या नेहमीच्या बाटल्यांत एका मिलीत ४० युनिट असतात, त्याची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिनच्या बाटलीत एका मिलीत १०० युनिट, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. आमच्या वॉर्डच्या इन्सुलिन ट्रेमध्ये वर्षानुवर्षं फक्त लाल.

आम्हाला यंदा टॅब आणि स्कॅनर मिळालाय. मुलीने काकांच्या हातातला पट्टा स्कॅन केला, बाटली स्कॅन केली. पेशंट बरोबर, औषध बरोबर, वेळ बरोबर. तीन हिरव्या खुणा. मग ट्रेमधली लाल सिरिंज घेऊन २० च्या खुणेपर्यंत भरली. तेवढ्यात नऊ नंबरची बेल, कॅज्युअल्टीचा फोन आणि मेडिक्लेमचा कागद घेऊन आलेले एक गृहस्थ. हिशेब करा: लाल सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिली. अर्धा मिली ग्लार्जिन म्हणजे ५० युनिट. २० च्या जागी ५०. आणि ग्लार्जिन काही लगेच बोलत नाही, हळूहळू साखर उतरवत नेतं. ऐन झोपेत, पहाटे.

वाचवलं काकूंनी. काकांच्या उशाशी डबा आवरत होत्या. म्हणाल्या, "अगं सिस्टर, आमच्याकडे याला नारिंगी टोपणाची असते. ही लाल कशी?" मुलगी म्हणाली, "कंपनी वेगळी असेल काकू." आणि मग सुई तशीच हातात धरून माझ्याकडे आली. "मॅडम, काकू असं म्हणतायत." मी बाटली बघितली आणि माझे पाय गार पडले.

काकांना टोचलं गेलं नव्हतं. तरी मी इन्सिडंट फॉर्म भरला, कारण दरवर्षी ट्रेनिंगला तेच शिकवतात: झाली नाही ती चूकही लिहा. सगळं खरं लिहिलं. ओव्हर, बेल, बाटली, ट्रे.

पंधरा दिवसांनी निकाल आला. मुलीला मेमो: "औषध देताना निष्काळजीपणा." भिंतीवर एक रंगीत पोस्टर. आणि सगळ्यांच्या सह्या, ट्रेनिंग झालं म्हणून. ट्रे तसाच.

त्याआधी महिन्याला सात-आठ फॉर्म यायचे. गेले दोन महिने एकही नाही. कागदावर आमचा वॉर्ड गंगेत न्हाऊन आलाय. मॅनेजमेंट म्हणतं, स्कॅनरचा परिणाम!

तर विचारायचं हे: तुमच्याकडे चूक लिहून देणाऱ्याचं काय होतं? आणि मी आता त्या मुलींना कोणत्या तोंडाने सांगू की लिहा?

भूलवाला

सिस्टर, दंडवत. मी भूलतज्ज्ञ आहे, फिरता. सकाळी वाशी, दुपारी ठाणे, रात्री कुठे सिझर असेल तिथे. माझी गंमत अशी की रोज वेगळी टीम. काल ज्या सिस्टरने माझ्या हातात ट्यूब दिली, तिचं नाव मला माहीत नव्हतं.

त्या सर्जिकल चेकलिस्टचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढली, एका पानावर १९ मुद्दे. भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर जायच्या आधी, अशी तीनदा थांबायची. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली, त्यात दिल्लीचंही एक होतं. २००९ साली आकडे छापून आले: गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर, मृत्यू १.५ वरून ०.८ वर. सगळीकडे वाहवा. मग कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात, १०१ हॉस्पिटलांना ती लावली आणि २०१४ मध्ये हिशेब आला: फरक सांगण्याजोगा नाही. कागद तोच. मला विचाराल तर एका ठिकाणी माणसं थांबून बोलत होती आणि दुसरीकडे बऱ्याच जागी फक्त टिका मारल्या जात होत्या. हे माझं मत, वाद घालणारे भरपूर आहेत.

मी ज्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) जातो तिथे निम्म्या वेळा चेकलिस्ट केस संपल्यावर चहाबरोबर भरली जाते. मीही सह्या केल्यात, खोटं कशाला बोलू.

पण गेल्या वर्षीपासून एक गोष्ट सोडत नाही. भूल देण्याआधी सगळ्यांची नावं विचारतो, अगदी वॉर्डबॉय मामांचंही. सर्जन सुरुवातीला हसले. "डॉक्टर, लग्नाला आलाय का?" एका हर्नियाच्या केसला नावं झाली आणि मी सवयीने म्हणालो, "कुणाला काही खटकतंय?" मामा दारातून म्हणाले, "सर, अंगावरचे केस डावीकडचे काढायला सांगितले मला, पण कागदावर उजवी बाजू दिसते." मामांना ते सकाळी सातपासून दिसत होतं. विचारलंच नव्हतं कुणी. बाजू उजवीच होती, पेशंटनेही तेच सांगितलं. अजून मणक्यात सुई गेली नव्हती.

तुमच्या मुलीचा हात मध्येच तीनदा थांबला, हे फॉर्मवर लिहिलंत ते फार बरं केलंत. सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत नर्सेसच्या मागे उभं राहून मोजलं होतं, २०१० मध्ये छापलं गेलं. औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या. तुमच्याकडे बेल, फोन, मेडिक्लेम. ते मेमोत कुठे आहे?

ऐरोलीकर

मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे (तुमचा टॅब आमचा नसावा अशी देवाला प्रार्थना).

स्कॅनरच्या बाजूने थोडं बोलतो. बॉस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बारकोड लावल्यावर औषधाची वेळ चुकणं सोडून बाकीच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या होत्या, २०१० चा अभ्यास. म्हणजे यंत्र बिनकामाचं नाही. पण ते त्याला शिकवलेलं तेवढंच बघतं. तुमच्या केसमध्ये सिरिंजला त्याच्या लेखी अस्तित्वच नाही. हिरवी खूण "औषध बरोबर" सांगते, "माप बरोबर" सांगत नाही. आणि माणसाला हिरवं दिसलं की पुढची शंका आपोआप निजते. हे डिझाइन करणाऱ्याचं पाप आहे, मुलीचं नाही.

दुसरं, आम्ही मशीन लावून येतो आणि तीन महिन्यांनी परत गेलो की काय दिसतं? पेशंटच्या पट्ट्यांच्या जादा प्रती नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये. रात्री झोपलेल्या माणसाला उठवायला नको, पट्टा अंघोळीत भिजून फाटलाय, वायफाय कोपऱ्यातल्या खोलीत पोचत नाही, म्हणून तिथेच बसून स्कॅन. अमेरिकेतही हेच सापडलं होतं, २००८ च्या एका अभ्यासात अशा पंधरा पळवाटा आणि त्यांची ३१ कारणं मोजली होती. पूर्वी मला राग यायचा. आता मी आधी ड्रॉवर उघडून बघतो, माझं मशीन कुठे चुकलंय ते तिथे कळतं.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. ग्लार्जिनची बाटली स्कॅन झाली की स्क्रीनवर मोठी सूचना: "नारिंगी सिरिंजच वापरा." एका दिवसाचं काम.

रात्रपाळी

ऐरोलीकर, तुमचं मन मोठं आहे, पण आणखी एक सूचना नको हो. आत्ता एका राउंडला टॅब मला किती वेळा टोकतो माहितीये? पॅरासिटामॉल दिलं तरी विचारतो, लिव्हर बघितलं का. मुली न वाचता "ओके" दाबतात. मीही दाबते. तुमची सूचना पहिले चार दिवस वाचतील, पाचव्या दिवशी तीही "ओके".

ड्रॉवरबद्दल: हो, आमच्याकडेही आहे. डावीकडचा, खालचा.

भूलवाला सर, मामांचा किस्सा मी उद्या ओव्हरला सांगणार आहे.

फार्मसीची खिडकी

मी नवी मुंबईत हॉस्पिटल फार्मसी सांभाळते. ताई, तुमच्या गोष्टीत मला सगळ्यात आधी आमचीच खिडकी दिसली. कार्ट्रिज नाही म्हणून बाटली दिली, इथवर ठीक. पण बाटलीबरोबर सिरिंज का नाही दिली? ज्याने बाटली काढली त्याला ठाऊक असणार की वॉर्डात लाल असतात. आणि ठाऊक नसेल, तर ते त्याहून वाईट.

आम्ही असं करतो: १०० वाली बाटली खिडकीतून एकटी बाहेर पडत नाही. झिपच्या पिशवीत बाटली आणि नारिंगी सिरिंजा, पिशवीवर नारिंगी चिकटपट्टी. वॉर्डात नारिंगीचा वेगळा साठा नाही आणि लालला त्या पिशवीत जागा नाही. पोस्टर वाचायची गरज पडत नाही, हाताला सापडतंच ते. खर्च पिशवीचा.

पोटॅशियम क्लोराइडचंही तसंच. १० मिलीच्या त्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं माप) असतं. सलाइनमध्ये न मिसळता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. पूर्वी ते वॉर्डात साध्या पाण्याच्या अँप्युलशेजारी, एकाच खणात! दिसायला जुळी भावंडं. "नीट बघून घ्या" हे कितीही वेळा सांगितलं तरी पहाटे चारला डोळे बघत नाहीत. शेवटी अँप्युल वॉर्डातून उचलली आणि कुलपात नेली. आता आयसीयू सोडून कुणाला हवी असेल तर लिहून मागवावी लागते. पहिला महिना शिव्या खाल्ल्या.

आणखी एक, डॉक्टर मंडळींसाठी. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसता इंग्रजी "यू" काढू नका. घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. "युनिट" पूर्ण लिहा. माझ्याकडे अशी चिठ्ठी आली की मी औषध देत नाही, फोन करते. दोघे कन्सल्टंट माझ्याशी अजून बोलत नाहीत.

सिग्नलपिवळा

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. रेल्वेत मेल आणि मालगाड्या चालवल्या, आता निवृत्त, कळव्याला असतो. वाचून राहवलं नाही.

इंजिनात दोघे असतो, लोको पायलट आणि सहाय्यक. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने त्याचा रंग म्हणायचा, हात करून. आधी एकाने, मग दुसऱ्याने. रात्री अडीचला कसाऱ्याच्या घाटात, शेजारी ३० वर्षं नोकरी झालेला माणूस, तरी म्हणायचं. नवीन पोरांना हसू येतं, शाळेतली प्रार्थना वाटते. पण तोंडाने म्हणायचं तर डोळ्याला बघावंच लागतं, आणि मी पिवळ्याला हिरवा म्हटलं तर शेजारचा जागा असतो. मी लोको पायलट झालो तेव्हा माझ्या पहिल्या सहाय्यकाला सांगितलं होतं, "मी चुकीचं बोललो तर साहेब म्हणून गप्प बसू नकोस, खांद्यावर मार." एकदा मारलीही.

लोकलमध्ये मोटरमन पुढे एकटा, पण गार्ड दोन घंट्या देतो आणि मोटरमन दोन परत देतो, तेव्हाच गाडी हलते. तुमच्याकडे परतीची घंटी कोण देतं? त्या रात्री काकूंनी दिली, नाही का?

भूलवाला

काका, परतीची घंटी लाखातली बोललात.

एक जोडतो. २००५ मध्ये इंग्लंडात एक बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेल्या. भूल दिल्यावर श्वासाची नळी बसेना. तज्ज्ञ तिथे होते, ट्यूब घालायचे प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्यातून श्वासमार्ग करायचं साहित्य आणून समोर ठेवलं, सांगितलंही. कुणी ऐकलं नाही. बाई गेल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली विमानाचे पायलट. त्यांनी कुणाला फासावर द्या म्हटलं नाही, विचारलं की जिला कळलं होतं तिचं बोलणं पोचलं का नाही. आमच्या भूलशास्त्रात ही केस आता सगळीकडे शिकवतात. मी शिकत होतो तेव्हा शिकवत नव्हते.

बापाचा_मुलगा

सगळे एकमेकांची पाठ थोपटताय म्हणून विचारतो. माझे वडील चुकीच्या औषधाने तीन दिवस आयसीयूत होते (कुठे ते लिहीत नाही). नंतर सगळे म्हणाले, "सिस्टिमची चूक." सिस्टिम म्हणजे कोण? तिचा फोन नंबर द्या. मेमो नको म्हणता, मग ज्याने केलं त्याचं काहीच नाही? सगळं सिस्टिमच्या डोक्यावर टाकलं की सुटले सगळे.

रात्रपाळी

दादा, तुमचं बरोबर आहे, आणि "सिस्टिम" म्हणून हात झटकणारे मीही पाहिलेत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तुम्हाला समोर बसवून, काय झालं ते सरळ सांगायला हवं होतं. माफीसकट. ते कुणी केलं नसणार, तुमच्या लिहिण्यावरून कळतंय.

मेमो कुणालाच नको असं मी म्हणत नाहीये. माझ्याच वॉर्डात एक ब्रदर होते, बीपी न मोजता लिहायचे. सगळ्या पेशंटचं १२०/८०. पकडले गेले तेव्हा मेमोवर पहिली सही माझी होती, आज पुन्हा करीन. त्यांना माहीत होतं आपण काय करतोय. ही मुलगी वेगळी. तिने जे हाताशी ठेवलं होतं ते उचललं. आणि नातेवाईक बोलल्यावर थांबली. मला सांगा, सहा महिने झालेल्या किती जणी काकूंचं ऐकून थांबतात? बहुतेक जणी "तुम्हाला काय कळतं" म्हणतात. १९ वर्षांपूर्वी मीही म्हटलं असतं. आता पुढच्या वेळी ती थांबून माझ्याकडे सिरिंज घेऊन येईल का? का गुपचूप फेकून देईल आणि नवी भरेल? मला रात्री झोप येत नाही ती यासाठी.

ट्रेमध्ये फक्त लाल ठेवणारी मीच ना. मला कुठे मेमो आला?

बापाचा_मुलगा

बरं. माफीबद्दल लिहिलंत ते वाचलं. आमच्याकडे बिलाची प्रिंट दिली फक्त.

ऐरोलीकर

पॉप-अपबद्दल माघार घेतो. फार्मसीच्या ताईंची पिशवी माझ्या एका दिवसाच्या कामापेक्षा सरस आहे. फक्त एक, तो डावीकडचा खालचा ड्रॉवर तुमच्या आयटीवाल्याला एकदा दाखवा. तक्रार म्हणून नाही, "इथे वायफाय येत नाही" म्हणून दाखवा.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी लिहितेय, नाइट संपवून, टीएमटीच्या बसमध्ये बसून.

पिशवी सुरू झाली. आमच्या फार्मसीवाल्याला मी या धाग्यातला तुमचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "ताई, मला सांगायचंत ना, मला काय माहीत तुमच्याकडे लाल असतात." सहा वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये आहोत, तो बेसमेंटला, आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

इन्सुलिन भरून झालं की सिरिंज दुसरीसमोर धरायची आणि मोठ्याने म्हणायचं: कोणती बाटली, कोणतं टोपण, किती. दुसरीने तेच परत म्हणायचं. कळव्याच्या काकांची घंटी. दुसरी कामात असेल तर पेशंटलाच म्हणायचं, एचजीटीचा (बोटाला टोचून बघितलेल्या साखरेचा) आकडाही सांगायचा. पेशंटना आवडतं ते. एक आजोबा तर आता आधीच ओरडतात, "लाल! बारा!"

वायफायचा डबा बदलणार म्हणतात. बघू.

मेमो मागे घेतलेला नाही. मी लेखी दिलंय की फॉर्म माझा, तर उत्तरही मला मागा. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "बघते." मुलगी परदेशातल्या नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय, जाईल असं वाटतं. काकांची ड्रेसिंग चालू आहेत, काकू परवा येऊन तिला लाडू देऊन गेल्या, मला नाही.

आणि काल रात्री जवळजवळ तीन महिन्यांनी पहिला फॉर्म भरला गेला. मावशींनी सांगितलं, मी लिहिलं: चौदा नंबरच्या आजींच्या हातातला पट्टा सोळाच्या उशीखाली सापडला. फॉर्मवर "जबाबदार व्यक्तीचे नाव" असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवलाय. क्वालिटीवाल्या मॅडमनी अजून विचारलेलं नाही.